क्यूए (सॉफ्टवेअर टेस्टिंग) प्रकल्पांचा डॅशबोर्ड उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज घोडं अडलंय म्हणून लिहितेय.

आमच्या टेस्टिंग गटाकडे सध्या ११ प्रकल्प आहेत. दर सोमवारी सकाळी मी एक एक्सेल भरते. कुठल्या प्रकल्पात किती टेस्ट चालवल्या, किती पास, किती फेल, उघडे बग किती, त्यातले गंभीर किती. ऑटोमेशनचे (आपोआप चालणाऱ्या टेस्टचे) निकाल त्या चालवणाऱ्या जेनकिन्समधून, बग ते नोंदवायच्या जिरामधून आणि हाताने केलेल्या टेस्टिंगचे आकडे ज्याच्या त्याच्या शीटमधून. यात अख्खी सकाळ जाते. एवढं करून मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "अहो, हा बग तर शुक्रवारीच बंद झाला."

आता वरून फर्मान आलंय की वेबवर डॅशबोर्ड हवा, कोणीही कधीही उघडून बघेल असा. मला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बऱ्यापैकी येतं, पायथन कामापुरतं, फ्रंटएंडच्या वाटेला कधी गेले नाही. एक व्हर्च्युअल मशीन मिळालंय, बजेट शून्य.

डेटाबेसमधल्या डेटाचे आलेख दाखवणारं ग्राफाना घ्यावं, तसंच मेटाबेस घ्यावं की जिराच्याच डॅशबोर्डवर भागवावं? पास टक्केवारी, कोड कव्हरेज, डिफेक्ट डेन्सिटी, बगचं वय, ऑटोमेशन टक्केवारी अशी १४ मापं काढून ठेवली आहेत. जाणकारांनी सांगावं.

---

तिरकी_रेघ (सोमवार, रात्री ९:५२)

ग्राफाना. झालं.

---

उंटावरचा_टेस्टर (सोमवार, रात्री १०:३०)

तिरकी_रेघ यांनी नेहमीप्रमाणे दोन शब्दांत विषय संपवला. मी जरा पाल्हाळ लावतो.

अर्धविराम, टूल शेवटी ठरवा. आधी हे सांगा की हे पान कोण उघडणार आणि उघडून झाल्यावर काय करणार? "बघणार" हे उत्तर धरणार नाही. रिलीज थांबवणार का? एखाद्या प्रकल्पावर आणखी दोन माणसं टाकणार का? ज्या आकड्यामुळे कोणाचंच काही बदलत नाही, तो भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा. लटकत राहतो, कोणी काढत नाही.

स्वानुभव सांगतो. आधीच्या नोकरीत आम्ही मोठ्या हौसेने भिंतीवर टीव्ही लावला होता. सगळे प्रकल्प एका पडद्यावर, हिरवेगार. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून दाखवायचे. एक दिवस नवीन रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "या प्रकल्पाचा ४१२ हा आकडा कधी बदलतच नाही का?" बघितलं तर रात्रीचा जॉब आठ आठवड्यांपूर्वी बंद पडलेला. पान इमानेइतबारे शेवटचा चांगला निकाल दाखवत बसलं होतं. त्या आठ आठवड्यांत आम्ही दोन रिलीज केल्या, रोज त्या टीव्हीखालून ये-जा केली आणि एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. कारण त्या आकड्यावर कोणाचा एकही निर्णय अवलंबून नव्हता.

म्हणून १४ मापांच्या आधी पंधरावं माप लावा. हा डेटा किती जुना आहे? प्रत्येक प्रकल्पासमोर "शेवटची नोंद इतक्या तासांपूर्वी", आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जुनी झाली की आकडा राखाडी. हिरवा तर नाहीच नाही.

---

बगळा (सोमवार, रात्री ११:१५)

वरचा टीव्हीचा किस्सा वाचून आमच्याकडचा टीव्ही आठवला. तो निदान बंद तरी होता.

उंटावरचा_टेस्टर यांच्याशी बराचसा सहमत, पण "कोण बघणार" हे ठरवण्याच्या बैठका महिनाभर चालतात आणि सोमवारची एक्सेल काही सुटत नाही. माझ्या मते एकच प्रकल्प घ्या, त्याचा कच्चा डेटा रोज आपोआप एका ठिकाणी साठायला लागू दे, पडद्यावर काय दाखवायचं ते मागाहून ठरवता येतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका. सुरुवातीला तीन टेबलं पुरतात. एकात प्रत्येक रनची, म्हणजे टेस्टच्या एका फेरीची नोंद: प्रकल्प, कोडची शाखा, बिल्ड क्रमांक, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ. दुसऱ्यात त्या रनमधल्या प्रत्येक टेस्टचा निकाल, एका टेस्टला एक ओळ. तिसऱ्यात उघड्या बगांची रोजची हजेरी.

दुसऱ्या टेबलात टक्केवारी साठवायचा मोह होईल, तो आवरा. टक्केवारी कच्च्या ओळींवरून कधीही काढता येते, उलटं होत नाही. आकाराची भीती बाळगू नका. ११ प्रकल्प, प्रत्येकी ६०० टेस्ट आणि रोज एक रन धरला तर दिवसाला ६,६०० ओळी, वर्षाला साधारण २४ लाख. पोस्टग्रेसला ते किरकोळ आहे.

डेटा आणायचा तर जेयुनिट पद्धतीची एक्सएमएल फाइल. जेयुनिट हे जावाचं टेस्ट टूल असलं तरी पायटेस्टपासून प्लेराइटपर्यंत बहुतेक सगळी टेस्ट टूल्स ती फाइल काढून देतात आणि जेनकिन्सही तीच वाचतं. मात्र तिचं सर्वमान्य असं अधिकृत प्रमाण नाही, त्यामुळे प्रत्येक टूलची बोली थोडी वेगळी. त्यात "फेल्युअर" आणि "एरर" हे वेगळे असतात, ते एकत्र कालवू नका. अपेक्षित निकाल आला नाही तर फेल्युअर, टेस्ट चालता चालताच भलतंच काही कोसळलं तर एरर. एका सकाळी २०० एरर दिसले तर बहुधा सर्व्हरच झोपलेला असतो, प्रॉडक्ट बिघडलेलं नसतं. या एका फरकाने सकाळचा अर्धा गोंधळ वाचतो.

आणि टेस्टची ओळख. हे कोणी सांगत नाही आणि सगळे इथेच आपटतात. आजची टेस्ट आणि कालची टेस्ट एकच, हे कशावरून ओळखायचं? साधारणपणे क्लासचं नाव अधिक टेस्टचं नाव. पण एकच टेस्ट वेगवेगळ्या इनपुटवर चालवत असाल तर इनपुट नावात चिकटून येतं. आमच्याकडे एका बहाद्दराने त्यात आजची तारीख घातली होती. रोज ४० टेस्ट नव्याने जन्माला यायच्या आणि आदल्या दिवशीच्या ४० बेपत्ता. आलेख मात्र सुंदर चढता.

---

अर्धविराम (मंगळवार, सकाळी ८:०५)

बगळा, उंटावरचा_टेस्टर, मनापासून आभार. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिसऱ्या टेबलाबद्दल एक शंका. बग जिरात आहेतच, मग रोज हजेरी कशाला? लागतील तेव्हा विचारू की.

---

बगळा (मंगळवार, सकाळी ९:२०)

जिराला "आत्ता किती उघडे" विचारलंत तर ते लगेच सांगतं. "गेल्या महिन्यात १५ तारखेला गंभीर किती उघडे होते" हे विचारलंत की गोष्ट अवघड होते. प्रत्येक बगचा बदलांचा इतिहास उपसून त्या दिवशीचं चित्र पुन्हा जुळवावं लागतं. त्यात मधल्या काळात कोणी गंभीरता बदलली, बग दुसऱ्या प्रकल्पात हलवला, की बसा डोकं धरून. त्यापेक्षा रोज रात्री एक फोटो काढून ठेवा. उघडा बग, गंभीरता, स्थिती, कोणाकडे आहे. बास.

हे आजपासून सुरू करा, डॅशबोर्ड तयार नसला तरी. न काढलेला फोटो नंतर मिळत नाही.

---

कोरा_कागद (मंगळवार, सकाळी १०:१०)

टूलबद्दल कोणी बोलेना म्हणून दोन आणे माझे.

ग्राफाना २०१४ मध्ये टॉर्केल ओडेगार्ड यांनी किबाना ३ या डेटा दाखवणाऱ्या टूलच्या कोडवरून वेगळं काढलं. सर्व्हरच्या आकड्यांचे काळानुसार आलेख, हा त्याचा पिंड. त्यामुळे काळानुसार बदलणारं काहीही आणि त्यावर अलर्ट यात ते तरबेज. मेटाबेसचा पिंड वेगळा. ज्याला एसक्यूएल येत नाही त्यालाही माउसने निवडत निवडत डेटाला प्रश्न विचारता येतात. तुमचे मॅनेजर "मला फक्त मोबाइल ॲपचं दाखवा, फक्त गेल्या रिलीजचं" असं दर दोन दिवसांनी म्हणणारे असतील तर मेटाबेस द्या आणि मोकळ्या व्हा. जिराचा स्वतःचा डॅशबोर्ड बगांपुरता छान आहे, पण जेनकिन्समधलं त्याला आपसूक दिसत नाही.

अल्युअर हा एका रनचा देखणा अहवाल आहे, ११ प्रकल्पांवरचं छत्र नाही. रिपोर्टपोर्टल जास्त जवळ जातं, फेल का झालं याची वर्गवारीही ठेवतं. पण त्याच्यासोबत बरेच कंटेनर (वेगवेगळ्या चालणाऱ्या सेवा) येतात, तुमच्या एका मशीनला झेपेल का ते बघून घ्या.

काहीही घ्या, पण डेटाबेससाठी वेगळा, फक्त वाचण्याचे हक्क असलेला युजर बनवा. ग्राफाना तुम्ही लिहिलेली क्वेरी तपासत बसत नाही, जशी लिहिली तशी पाठवतं. पॅनेल बदलण्याचा हक्क असलेल्या कोणीही टेबल उडवायची क्वेरी टाकली तर टेबल उडेल.

---

तिरकी_रेघ (मंगळवार, सकाळी १०:१४)

थोडक्यात ग्राफाना.

---

अर्धविराम (शुक्रवार, संध्याकाळी ७:००)

एका प्रकल्पाचा डेटा यायला लागला! आणि त्याचबरोबर पहिलं भांडणही.

पास टक्केवारी. समजा ४०० टेस्ट आहेत, त्यातल्या ८० स्किप केल्या, ३२० चालवल्या, ३०० पास. आमचा एक गट ३०० भागिले ३२० करतो, म्हणजे ९३.७५. दुसरा ३०० भागिले ४००, म्हणजे ७५. दोघंही गेली दोन वर्षं त्याच एक्सेलच्या त्याच रकान्यात आपापला आकडा भरत होते आणि मी बापडी त्याची सरासरी काढत होते!

आता पहिला गट म्हणतो, आमचा आकडा पडला तर वर काय सांगायचं?

---

उंटावरचा_टेस्टर (शुक्रवार, रात्री ८:४५)

अभिनंदन, डॅशबोर्ड कामाला लागला. अशी भांडणं वर आणणं हेच त्याचं काम.

टक्केवारीच काढून टाका. प्रत्येक प्रकल्पाची एक आडवी पट्टी: पास ३००, फेल २०, स्किप ८०. छेद कोणता यावर वादच नको, तिन्ही आकडे समोर. आणि स्किपवर विशेष डोळा ठेवा. टेस्ट फेल होते म्हणून "तात्पुरती" स्किप केली जाते आणि मग तिला कोणी उठवत नाही. किती दिवसांपासून स्किप आहे हे बगळ्याच्या दुसऱ्या टेबलातून सहज निघेल.

"वर काय सांगायचं" या भीतीचं मात्र डॅशबोर्डकडे उत्तर नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना मांडलेला मुद्दा आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब दिला की त्याचं आधीचं वागणं कोलमडतं. आमच्याकडे एकदा कोणी किती बग काढले याची क्रमवारी लावली होती. पुढच्या आठवड्यात एका फॉर्मवरच्या सात रकान्यांचे सात वेगळे बग नोंदवले गेले. सगळ्यांत वर्णन एकच, "जास्त अक्षरं टाकली तर अडत नाही". डेव्हलपरने एका ओळीत सातही दुरुस्त केले आणि मग त्याचीही क्रमवारी वर गेली. दोघंही खूश.

माणसांची नावं डॅशबोर्डवर आणू नका. कोणी कितीही सांगितलं तरी.

---

बगळा (शुक्रवार, रात्री ९:३०)

सात रकाने :)

भर घालतो. फेलच्या पट्टीत अजून एक पोटभाग लागेल, फ्लेकी. कोड तोच, तरी टेस्ट कधी पास, कधी फेल. गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये तिथले आकडे जाहीरपणे लिहिले होते. एकूण रनपैकी साधारण १.५ टक्के निकाल फ्लेकी, पण जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी फ्लेकीपणा. आणि पासवरून फेलवर जाणारे जे बदल दिसले त्यांतल्या ८४ टक्क्यांमध्ये फ्लेकी टेस्टचा हात. म्हणजे लाल दिसलं की बहुतेक वेळा खोटा अलार्म. मग माणसं लालकडे बघायचंच सोडतात.

यावर सगळीकडे एकच उपाय करतात, फेल झाली की पुन्हा चालव, पास झाली की पास लिही. चालवा बापडे, पण दुसऱ्या खेपेला पास झाली ही नोंद पुसू नका. प्लेराइट अशा टेस्टला स्वतःच फ्लेकी म्हणून वेगळं काढतं. जावाच्या टेस्ट चालवणारं मेव्हनचं शुअरफायर पुन्हा चालवायला सांगितलं असेल तर एक्सएमएलमध्ये पहिल्या अपयशाची वेगळी खूण ठेवतं. तुमच्या पायथनने ती वाचली पाहिजे, एवढंच.

---

मुकी_घंटा (शनिवार, दुपारी १२:२०)

बाकीच्या १३ मापांचं काय झालं? डिफेक्ट डेन्सिटी आमच्याकडे फार लाडकी आहे.

---

उंटावरचा_टेस्टर (शनिवार, दुपारी १:०५)

म्हणजे कोडच्या हजार ओळींमागे किती बग. एकाच प्रकल्पाच्या दोन रिलीजमध्ये बघायला ठीक. दोन प्रकल्पांची तुलना करायला निरुपयोगी, जो कमी टेस्ट करतो तो जिंकतो. कोड कव्हरेजचंही तसंच, ओळ चालली एवढं कळतं, तपासली का ते नाही.

बगचं वय मात्र ठेवा, पण सरासरी नको. नऊ बग तीन-तीन दिवसांचे आणि एक ४०० दिवसांचा असेल तर सरासरी ४२.७ दिवस येते. तिथे ४२ दिवसांचा एकही बग नाही! मध्यक दाखवा, तो ३ येईल, आणि शेजारी सगळ्यात जुन्या बगचा क्रमांक. त्या ४०० दिवसांच्या म्हाताऱ्याला नावानिशी उभं केलं की तो महिनाभरात बंद होतो, असा अनुभव आहे.

---

अर्धविराम (तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०:१५)

धागा वर काढतेय. काय घडलं ते सांगितल्याशिवाय राहवेना.

गेल्या आठवड्यात सात प्रकल्प जोडून झाले आणि मी मीटिंगमध्ये पान उघडलं. उघड्या बगांचा रकाना: ५०, ३१, ५०, ५०, १८, ५०, ५०. आमचे मॅनेजर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बघा, बहुतेक प्रकल्प किती स्थिर आहेत." कोणी हसलंही नाही. मी त्या पाच ५० कडे बघत राहिले आणि पोटात गोळा आला. त्यातल्या एका प्रकल्पात निदान शंभर बग आहेत हे मला एक्सेलच्या दिवसांपासून पाठ आहे.

---

बगळा (बुधवार, रात्री १०:२२)

पान! जिरा निकाल पानापानाने देतं आणि सांगितलं नाही तर एका पानावर ५०. पुढचं पान मागितलंच नाही तुम्ही.

---

अर्धविराम (बुधवार, रात्री १०:४०)

हो ना! नंतर कळलं. मागितल्याशिवाय पुढचं देत नाही आणि "अजून आहेत बरं का" असं ओरडतही नाही, उत्तराच्या कोपऱ्यात गुपचूप लिहून ठेवतं. त्यातून जालावरचे जुने नमुने सगळे "इतकाव्या नोंदीपासून दे" अशा पद्धतीचे. जिरा क्लाउडच्या नव्या एपीआयमध्ये (स्क्रिप्टने डेटा मागायच्या सोयीत) प्रत्येक पानासोबत पुढच्या पानाचं टोकन येतं, ते परत पाठवायचं. टोकन येईनासं झालं की संपलं. त्या प्रकल्पाचे खरे बग १३७ निघाले.

मीटिंगमध्ये कबूल केलं तेव्हा शांतता पसरली होती. पण त्यानंतर पहिल्यांदाच लोकांनी आकड्यांवर प्रश्न विचारले. आता रोजच्या फोटोनंतर स्क्रिप्ट जिरालाच वेगळ्याने एकूण संख्या विचारते आणि माझ्या टेबलातल्या ओळींशी ताडून बघते. जुळलं नाही तर त्या दिवशीचा रकाना रिकामा, चुकीचा आकडा नाही.

दुसरी फजिती लहान. रात्री साडेअकराला सुरू होणारा रन पाऊणला संपतो. मी प्रत्येक टेस्टच्या वेळेवरून तारीख काढत होते, त्यामुळे एकाच रनचे दोन तुकडे दोन दिवसांवर. त्यात सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे घोळात घोळ. आता दिवस रनच्या सुरुवातीवरून ठरतो, वेळ टाइमझोनसकट साठवते आणि दाखवताना इथली करते.

---

कोरा_कागद (गुरुवार, सकाळी ९:००)

रंगांचं काय केलंत? आमच्या गटातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. वर्षभर तो डॅशबोर्ड बघून मान डोलवत होता, आम्हाला पत्ताच नाही. माहिती फक्त रंगातून देऊ नका, असं डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या) नियमांत १९९९ पासून आहे. पट्टीत आकडा आणि खूण दोन्ही घाला.

---

अर्धविराम (गुरुवार, रात्री ९:१०)

कोरा_कागद, घातलं. फेलला फुली, स्किपला आडवी रेघ. छान सूचना.

सध्या पानावर चारच गोष्टी उरल्यात. पास-फेल-स्किप-फ्लेकीची पट्टी, उघड्या गंभीर बगांचा ९० दिवसांचा आलेख, सगळ्यात जुना बग आणि डेटा किती जुना. बाकी मापं मागणाऱ्याला सांगते की कच्चा डेटा आहे, आकडा पाहून काय ठरवणार ते सांगा, पॅनेल बनवून देते. आतापर्यंत एकानेच सांगितलं, त्याचं बनवून दिलं.

दोन प्रकल्पांची हाताने केलेली टेस्टिंग अजून शीटमध्येच आहे. शुक्रवारी त्यांची ओळ राखाडी होते, सोमवारी सकाळी त्यांच्यातलं कोणीतरी घाईघाईने भरतं आणि ती रंगात येते. म्हणजे एक्सेल आता मी नाही, ते भरतात.

---

तिरकी_रेघ (गुरुवार, रात्री ९:१३)

शेवटी घेतलं काय?

---

अर्धविराम (गुरुवार, रात्री ९:१५)

...ग्राफाना.